मॅनिफोल्ड बदलूनही फटफट परत येते: जुन्या डीआय पिकअपचं दुखणं आणि योग्य मॅनिफोल्डची निवड

सकाळी पहिला स्टार्ट मारला की बोनेटखालून बारीक ‘फट्-फट्-फट्’ ऐकू येतं. गाडी पाच-सात मिनिटं चालली की आवाज विरतो. दुपारी गॅरेजला नेली तर काहीच ऐकू येत नाही, आणि मिस्त्री म्हणतात टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बघायला हवेत. टॅपेट सेट होतात, आवाज तसाच राहतो. दोन महिन्यांनी केबिनमध्ये धुराचा वास येऊ लागतो, घाटात गाडीची ओढ कमी होते, आणि बोनेट उघडलं की हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या ठोकळ्याच्या, कडेला काजळीचे काळे ओघळ दिसतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गळतोय, म्हणजे सिलिंडरांचा धूर एकेका तोंडातून घेऊन सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तुकडा. गॅसकेट (सांध्यात बसणारी पातळ पट्टी) बदललं जातं, चार महिने बरे जातात, आणि मग एका सकाळी तोच आवाज परत.

आमच्याकडे गाडी दादा चालवतो. महिंद्राची पिकअप, टर्बो नसलेलं २५२३ सीसीचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरात सोडणारं) इंजिन, वय वीसच्या पुढे. कोल्हापुरातून भाजी आणि गूळ घेऊन गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा आणि परतताना नारळ किंवा चिरे भरून तोच घाट चढायचा, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. मी कोल्हापूरजवळ शिरोलीला एका फाउंड्रीत, म्हणजे ओतीव काम करणाऱ्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला आहे. बिडाचं कास्टिंग रोज हाताखालून जातं, तरी या गाडीला चार वर्षांत तीन मॅनिफोल्ड लागले. कारण मीही प्रत्येक वेळी फक्त मॅनिफोल्डकडेच बघत होतो. इंजिनात मुळात खोट नव्हती. वीस वर्षांत वेगवेगळ्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या आणि आमच्या स्वतःच्या दोन चुका, यांचा सगळा भार त्या एका बिडाच्या तुकड्यावर येत होता. म्हणून नवा मॅनिफोल्ड निवडायच्या आधी जुना का गेला ते शोधा. उत्तर सापडलं तर निवड निम्मी झालेली असते.

आधी गळती नक्की कुठे आहे ते बघा

थंड इंजिनावर आवाज येतो आणि तापल्यावर जातो, याचं कारण सरळ आहे. तापलेलं बीड फुगतं आणि बारीक फट तात्पुरती मिटते. त्यामुळे तपासणी सकाळीच करायची, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. दुपारी नेलेल्या गाडीचं निदान चुकतं त्यात मिस्त्रींचा दोष नसतो.

दीड-दोन हात लांब रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या एकेका तोंडाजवळून फिरवा, पंख्यापासून हात लांब ठेवून. गळणाऱ्या तोंडाशी आवाज एकदम मोठा होतो. टॅपेटचा आवाज वरून, व्हॉल्व्ह कव्हरकडून येतो आणि इंजिन तापल्यावर सहसा जात नाही. फरक एकदा कानात बसला की पुन्हा घोटाळा होत नाही.

याहून खात्रीचा उपाय साबणाच्या पाण्याचा. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची नळी बसवा, भोवती कपडा घट्ट गुंडाळा आणि हवा सोडा. मॅनिफोल्डच्या सगळ्या सांध्यांवर आणि अंगावर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. आमच्या दुसऱ्या मॅनिफोल्डचा तडा असाच सापडला. खालच्या बाजूला होता, डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं, आणि त्याआधी आम्ही दोन गॅसकेटं उगाच बदलली होती.

काही मिस्त्री इंजेक्टरचा पाइप एकेक करून ढिला करतात आणि कुठल्या सिलिंडरला आवाज थांबतो ते बघतात. जुन्या पंपाच्या इंजिनावर ही रीत चालते, पण डोळ्यांवर चष्मा आणि हाताखाली जाड कपडा हवाच, कारण डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे फार जास्त दाबाने डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनावर, हे मुळीच करू नका.

एक गोष्ट मनापासून सांगतो. केबिनमध्ये धूर येत असेल तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका. दादाचं डोकं संध्याकाळी दुखायचं आणि आम्ही ते उन्हाच्या नावावर खपवत होतो. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केलेलं आहे. काचा बंद करून पावसाळ्यात घाट चढणारा माणूस तोच धूर तासभर ओढत असतो.

परत परत का जातं

गळती बहुतेक वेळा कडेच्या तोंडांवर होते, एक नंबरच्या किंवा चार नंबरच्या सिलिंडरच्या. हा योगायोग नव्हे, त्यामागे साधा हिशेब आहे. बीड दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०११ मिलिमीटर वाढतं. कडेच्या दोन स्टडमधलं (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या सळ्यांमधलं) अंतर ४०० मिलिमीटर धरा आणि चढावर मॅनिफोल्डचं अंग ५०० अंशांनी तापलं असं माना. लांबी जवळपास २.२ मिलिमीटरने वाढते. ज्या हेडवर तो बसलेला असतो तेही बिडाचंच, पण त्याला पाण्याचं कूलिंग असतं. ते ७०-८० अंशांनीच तापतं आणि ०.३ मिलिमीटरच्या आसपास वाढतं. म्हणजे मॅनिफोल्ड हेडच्या अंगावरून प्रत्येक टोकाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकायला बघतो. रोज, प्रत्येक चढाला. मधला भाग जागेवर राहतो, टोकं सरकतात.

चांगल्या मॅनिफोल्डमध्ये याची सोय केलेली असते. मधली भोकं स्टडला बेताची आणि कडेची मोठी किंवा लांबट असतात, म्हणजे टोकांना सरकायला जागा मिळते. ही जागा नसेल, किंवा नट एवढे करकचून आवळले असतील की सरकणंच अशक्य व्हावं, तर तीनपैकी एक गोष्ट होते: गॅसकेट घासून जातं, स्टड तुटतो किंवा बीड तडकतं. आमच्याकडे तिन्ही झालं.

पण एवढा ताण तर प्रत्येक गाडीला असतो. मग आमच्याच गाडीला चार वर्षांत तीन मॅनिफोल्ड का? त्याची चार कारणं निघाली, आणि चारही मॅनिफोल्डच्या बाहेरची होती.

पहिलं, सायलेन्सरच्या पाइपचं ओझं. पुढचा पाइप मॅनिफोल्डला फ्लँजने, म्हणजे बोल्टची भोकं असलेल्या जाड कडेने, जोडलेला असतो आणि थोडं मागे गिअरबॉक्सजवळ त्याला ब्रॅकेटचा आधार असतो. क्लच बदलताना कधीतरी तो ब्रॅकेट निघाला आणि परत बसलाच नाही. पुढची काही वर्षं पूर्ण पाइपचं वजन मॅनिफोल्डच्या तोंडाला लटकत होतं. त्यात इंजिनाची रबरी माउंटिंगं दबून गेलेली. क्लच सोडला की इंजिन हलायचं, पाइप चेसिसला धरून राहायचा आणि मधल्या मध्ये मॅनिफोल्ड पिळवटायचा. हे तपासायची सोपी रीत अशी. फ्लँजचे बोल्ट सोडा आणि हात बाजूला घ्या. पाइप जागेवरच राहिला तर ठीक. तो खाली पडला किंवा बाजूला सरकला, आणि परत लावताना पहारीने ढकलावा लागला, तर मॅनिफोल्ड सतत ताणाखाली होता हे नक्की. आमचा पाइप बोटभर खाली आला होता.

दुसरं, आटे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६. आकडे चमत्कारिक दिसतात, पण इंचात मांडा: साडेतीन आणि चार. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीबरोबर ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला, त्या इंची कुळाशी या मापांचं नातं आहे. अशा जुन्या इंजिनावर वीस वर्षांत कुणी कुठला टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारला असेल याचा भरवसा नसतो. आमच्या हेडमध्ये दोन भोकांचे आटे बाकीच्यांपेक्षा वेगळे निघाले. तीन अष्टमांश इंचाचा स्टड दहा एमएमच्या भोकात पहिले दोन-तीन आटे सहज जातो, कारण इंची आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५९ मिलिमीटर आणि मेट्रिकची १.५. पुढे तो अडतो. पाना लावून ढकलला तर आत जातो खरा, पण धरतो फक्त काही आट्यांवर. थंड असताना घट्ट वाटतो आणि चार घाट चढले की सैल. पंच सोळांश इंच आणि आठ एमएम या जोडीतही हीच फसगत होते. स्टड विकत घेण्याआधी प्रत्येक भोकाला पिच गेज लावा. छोटंसं, स्वस्त हत्यार आहे, आणि ते आमच्याकडे पहिल्या वर्षी असतं तर दोन मॅनिफोल्ड वाचले असते.

तिसरं आमचं स्वतःचं. घाटात ओढ यावी म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेतलं होतं. ओढ आली, धूर काळा झाला आणि त्याबरोबर एक्झॉस्टचं तापमानही चढलं. हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की धुराची उष्णता वाढते, टायमिंग (सिलिंडरात डिझेल सुटायची वेळ) मागे गेलं की वाढते, एअर फिल्टर चोंदला की वाढते. हे सगळं मॅनिफोल्ड सोसतो. पंप परत टेस्ट बेंचवर नेऊन मूळ मापावर आणला. घाटात एक गिअर खाली घ्यावा लागतो, तो आम्ही घेतो.

चौथं कारण पाणी. आमच्या गाडीचं दुखणं दर पावसाळ्यात वाढायचं. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. घाट चढून लालसर तापलेल्या बिडावर रस्त्यावरच्या खड्ड्यातलं पाणी उडालं की बाहेरची कातडी एकदम आकसते, आतलं अंग फुगलेलंच राहतं, आणि तडा जातो. पुढच्या चाकाच्या कमानीत आतल्या बाजूला रबरी पट्टी असते ती याचसाठी. आमची फाटून गेली होती आणि ती फक्त चिखल अडवते असं आम्ही धरून चाललो होतो. जाड रबराची नवी पट्टी कापून बसवायला अर्धा तास पुरला.

आता निवड

ही चार कामं झाल्यावरच पैसे खर्च करा. बाजारात पर्याय पुष्कळ दिसतात, पण कंपनीचा नवा मॅनिफोल्ड सोडला तर खरे उपयोगाचे दोनच.

सुरुवातीला एक इशारा. ‘२५२३ डीआयचा मॅनिफोल्ड द्या’ एवढं सांगून मागू नका. याच मापाच्या इंजिनाला टर्बोवाला भाऊही आहे. टर्बोच्या मॅनिफोल्डवर टर्बो बसवायची फ्लँज असते, पाइप लागायची जागा वेगळी, बाहेर पडायची दिशा वेगळी. चेसिस नंबर सांगा आणि जुना मॅनिफोल्ड सोबत न्या. तो नेता येत नसेल तर निदान नवं गॅसकेट साचा म्हणून न्या. ते आधी हेडवर ठेवून बघा, मग दुकानात मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवा. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या तोंडाएवढं किंवा किंचित मोठं चालतं. लहान असेल तर धुराच्या वाटेत पायरी तयार होते, तिथे उष्णता आणि काजळी साठते आणि तिथलंच गॅसकेट आधी जळतं.

कंपनीचा नवा मॅनिफोल्ड मिळत असेल तर घ्या, त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. जुन्या गाड्यांना तो नेहमी मिळत नाही, एवढीच अडचण.

बहुतेकांच्या हातात येतं ते बाजारातलं बिननावाचं कास्टिंग. आमचा दुसरा मॅनिफोल्ड तसाच होता, सात महिन्यांत तडकला. बिननावाची सगळी कास्टिंगं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. आमच्याच परिसरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात, उत्तम बीड ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत. पण दुकानाच्या फळीवर चांगला आणि वाईट शेजारी बसलेले असतात आणि रंग दोघांनाही चंदेरीच मारलेला असतो. वेगळे कसे ओळखायचे ते सांगतो, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

आधी तोंडातून आत बघा, मोबाइलचा टॉर्च लावून. कास्टिंग ओतताना आतली पोकळी वाळूच्या गाभ्याने तयार होते, त्याला आम्ही कोअर म्हणतो. ओतताना कोअर सरकला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. प्रत्येक तोंडाशी कॅलिपर लावून चारही बाजूंची जाडी मोजा. एका बाजूला सहा मिलिमीटर आणि समोर तीन असेल तर ते कास्टिंग परत ठेवा. जाड बाजू सावकाश तापते, पातळ बाजू पटकन, आणि दोघींच्या ओढाताणीत तडा पातळ बाजूला जातो. आमच्या तडकलेल्या मॅनिफोल्डचे कापून तुकडे केले तेव्हा हेच निघालं. कापायचं सुचायला सात महिने लागले याची मला आजही हळहळ वाटते, कारण दुकानात दोन मिनिटांत मोजता आलं असतं.

मग आत बोट फिरवा. जळून चिकटलेली वाळू, कोअरच्या तारेचा तुकडा, शिवणीवर राहिलेला बिडाचा पातळ पापुद्रा, यातलं काही लागलं तर समजा की साफसफाई झालेली नाही. जिथे साफसफाई नाही तिथे तपासणीही झालेली नसते. टर्बोवाल्यांनी तर याबाबत फार काटेकोर राहावं. सुटलेला वाळूचा खडा थेट टर्बाइनच्या पात्यावर जाऊन आदळतो.

त्यानंतर वाजवून बघा. मॅनिफोल्ड दोरीला टांगा किंवा एका बोटावर तोला आणि छोट्या हातोडीने हलका टोला द्या. साध्या करड्या बिडाचा आवाज बसका आणि आखूड येतो. एसजी (स्फेरॉइडल ग्रॅफाइट) बिडाचा घंटेसारखा लांबतो, कारण त्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतं. आणि तडा असेल तर आवाज फुटका, खरखरीत येतो. एसजी चिवट असतं, मुकाट्याने जास्त ताण सोसतं. करडं बीड उष्णता चांगली पसरवतं, पण ओढीला ठिसूळ. आमच्यासारख्या टर्बो नसलेल्या इंजिनाला चांगलं ओतलेलं करडं बीड पुरतं. टर्बो असेल आणि पर्याय मिळत असेल तर एसजीकडे झुका, त्यातही सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं एसजी उष्णतेला साध्या एसजीपेक्षा टिकाऊ.

शेवटी भोकं बघा. मधली आणि कडेची सगळी भोकं एकाच ड्रिलने पाडलेली असतील तर टोकांना सरकायची सोय केलेलीच नाही. बाकी कास्टिंग चांगलं असेल तर कडेची भोकं लेथवाल्याकडून एक ते दीड मिलिमीटरने मोठी करून घेता येतात. नटाखाली जाड वॉशर घाला म्हणजे झालं.

माझी स्वतःची पसंती मात्र दुसऱ्या पर्यायाला आहे: भंगारातून आणलेला कंपनीचा जुना मॅनिफोल्ड. अनेकांना हे पटत नाही. नवं मिळत असताना दुसऱ्याचं जुनं कशाला? कारण बिडाला मुरावं लागतं. ओतल्यानंतर थंड होताना त्याच्या अंगात ताण अडकून राहतात. चांगल्या ठिकाणी कास्टिंग भट्टीत ५५० अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववतात, म्हणजे तो ताण निघतो. पूर्वी मशीनची बिडाची अंगं महिनोन् महिने उघड्यावर ठेवून मुरवत असत. घाईने ओतून, मशीन मारून, रंगवून फळीवर ठेवलेल्या मॅनिफोल्डचा ताण तुमच्या गाडीवर निघतो, म्हणजे तो वाकतो. उलट दहा-पंधरा वर्षं चाललेल्या जुन्या मॅनिफोल्डला जेवढं वाकायचं होतं तेवढं तो वाकून बसलेला असतो. त्याचं तोंड एकदा सपाट करून घेतलं की पुन्हा फारसं हलत नाही. आमचा आताचा मॅनिफोल्ड असाच आहे, अपघातात गेलेल्या गाडीचा. नव्या कास्टिंगच्या निम्म्या पैशांत मिळाला.

जुना घेताना दोन गोष्टी बघा. वायर ब्रशने अंग साफ करून तडे शोधा. संशय असेल तिथे रॉकेल लावा, पुसून कोरडं करा आणि वरून खडूची पूड घासा. तड्यात मुरलेलं रॉकेल थोड्या वेळाने खडूवर रेघ उमटवतं. मग पोलादी सरळ पट्टी तोंडांवर धरून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. ०.१५ मिलिमीटरपर्यंत फट असेल तर चांगलं गॅसकेट ती झाकतं. त्याहून जास्त असेल तर फेसिंग करा, म्हणजे मशीनवर तोंडं सपाट करून घ्या. एक मिलिमीटरच्या वर वाकलेला मॅनिफोल्ड मी घेत नाही, कारण तेवढं काढल्यावर फ्लँज पातळ पडते.

फेसिंग करताना चारही तोंडं एकाच सेटिंगमध्ये, एकाच पातळीत मारायला सांगा. लेथवाला घाईत एकेक तोंड वेगळं धरून मारू लागला तर थांबवा. प्रत्येक तोंड आरशासारखं होईल, पण चौघांची पातळी वेगळी होईल, आणि गॅसकेटला पातळीशीच काम असतं.

पाइप कापून, वेल्डिंग करून बनवलेल्या मॅनिफोल्डबद्दल बरेच जण विचारतात. आमचा तिसरा तोच होता. दिसायला सुरेख, वजनाला हलका. पाच महिन्यांत दोन नंबरच्या वेल्डिंगपाशी फुटला. पातळ पाइप आणि जाड फ्लँज एकाच वेगाने तापत नाहीत, सगळी ओढाताण वेल्डिंगच्या काठावर येते. शिवाय पातळ पाइपमधून उष्णता बोनेटखाली पसरते, वायरिंग आणि डिझेलच्या नळ्या भाजतात. मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आतच काम करणाऱ्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाला त्या वळणदार पाइपांचा फायदाही जाणवण्याइतका नाही. माल वाहणाऱ्या गाडीला तो बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तडकलेलाच जोडून घ्यायचा असेल तर निकेल रॉडने, तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडून, पूर्ण अंग आधी तापवून आणि नंतर चुन्यात किंवा कोरड्या राखेत पुरून सावकाश निववून. असं करणारा हात सापडला तर एखादा हंगाम नक्की निघतो. साध्या रॉडने रस्त्याकडेला मारलेलं वेल्डिंग घरी पोहोचायला पुरतं. पितळेची झाळ इथे उपयोगाची नाही, घाटातल्या उष्णतेत तिची ताकद उतरते.

बसवताना

तुटलेला स्टड काढताना घाई झाली की हेडचं भोक वाकडं होतं, आणि ते दुखणं मॅनिफोल्डपेक्षा महाग पडतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. सकाळी स्टडच्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा आणि तो थोडा निवला की पुढे-मागे हलवत काढा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मा गंज सुटतो. आटे गेलेले असतील तर आणखी मोठा टॅप मारत बसू नका, हेलिकॉइल (तारेचे तयार आटे) घालून मूळ मापावर या. आमची ती दोन भोकं अशीच सरळ झाली.

स्टड ८.८ ग्रेडचे घ्या. गंजत नाहीत म्हणून स्टेनलेसचे स्टड घालायचा मोह होतो. पण स्टेनलेस तापल्यावर बिडापेक्षा दीडपट वाढतं, त्यामुळे ऐन उष्णतेत आवळ कमी होते. नट तांब्याचा मुलामा असलेले मिळाले तर उत्तम, पुढच्या वेळी निघतात तरी. आट्यांना उष्णतेची कॉपर पेस्ट लावा.

गॅसकेट पोलादी पत्र्याचं किंवा ग्रॅफाइटचं असावं, आणि कोरडंच बसवावं. सिलिकॉन लावू नका. ते तीनशे अंशांच्या पुढे तग धरत नाही, जळून जातं आणि तेवढीच फट मागे ठेवतं.

आवळताना मधून सुरुवात करा आणि दोन्ही कडांकडे जा, तीन फेऱ्यांत. आठ एमएमच्या ८.८ स्टडला २० ते २५ न्यूटन मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर एखाद्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा. लांब पाना लावून सगळा जोर काढला की जास्त घट्ट होतं खरं, पण मग ती टोकं सरकत नाहीत आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो. सायलेन्सरचा पाइप सर्वांत शेवटी जोडा, आधी मागचा ब्रॅकेट ढिला लावून पाइप आपोआप फ्लँजसमोर येतो का ते बघा. आम्ही मध्ये जाळीचा लवचिक तुकडाही बसवला.

पहिल्यांदा पूर्ण तापून पूर्ण थंड झाल्यावर नट एकदा तपासायचे, मग पाचशे किलोमीटरवर पुन्हा. दोन्ही वेळा थंड इंजिनावर.

आमच्या गाडीला असं बसवून दोन पावसाळे झाले. शेवटच्या आवळणीनंतर प्रत्येक नटावर आणि फ्लँजवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दर महिन्याला तेल बघताना दादा त्या रेघांवर टॉर्च मारतो. या दिवाळीनंतर चार नंबरच्या खालच्या नटाची रेघ केसभर सरकलेली दिसली. या वेळी आम्ही नट नुसता आवळून सोडून दिला नाही. गाडीखाली शिरलो, तर गिअरबॉक्सचं रबरी माउंटिंग एका बाजूने फाटलेलं होतं. ते बदललं, नट मापावर आणला, नवी रेघ ओढली. सकाळी स्टार्ट मारल्यावर दादा आता बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ ऐकत उभा राहतो.